बोरूबहाद्दर

आमच्या चाळीत ‘लेखक’ हे सामान्यनाम नाही, विशेषनाम आहे. दुसरा मजला, जिन्यापासून चौथी खोली. दूधवाला त्याला लेखक म्हणतो, चाळीचे सेक्रेटरी नोटिशीवर ‘श्री. लेखक यांस’ असं लिहितात, आणि वहिनीसुद्धा चिडल्या की ‘अहो लेखक’ अशी हाक मारतात. खरं नाव रेशनकार्डावर आहे. ते तिथेच असू दे.

मी पाचव्या खोलीत. धंद्याने मुद्रितशोधक. आमच्या दोघांत अर्ध्या विटेची एक भिंत. रात्री तो पलीकडे स्वतःचं लिखाण मोठ्याने वाचायचा आणि मी अलीकडे अंथरुणावर पडल्या पडल्या ऐकायचो. पुढे तेच प्रूफ होऊन माझ्या टेबलावर यायचं. तेव्हा त्याच्या साहित्याचा पहिला श्रोता मी आणि शेवटचा वाचकही मीच. मधले वाचक किती, ते प्रकाशकाला विचारावं.

तो लिहायचा कमी आणि खोडायचा जास्त. एक कादंबरी त्याने घेतली होती, जुन्या मुंबईवरची. तिचं पहिलं वाक्य होतं, ‘पाऊस पडत होता.’ पहिल्या वर्षी ते ‘पाऊस पडतच होता’ असं झालं. मग ‘च’ गेला. मग पाऊस वाक्याच्या शेवटी गेला. तिसऱ्या वर्षी पाऊस थांबला, कारण नायकाला घराबाहेर काढायचं होतं आणि छत्रीचं वर्णन काही केल्या जमत नव्हतं. सहाव्या वर्षी मी विचारलं, ‘कादंबरी कुठवर आली रे?’ तर म्हणाला, ‘आभाळ भरून आलंय.’

असा हा गृहस्थ वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी लेखन सोडून जॅझ वाजवायला लागला. का, तर एका फर्म्यापायी.

झालं असं की एका दिवाळी अंकात त्याची कथा आली. अंकाचं नाव घेत नाही, मानधन अजून यायचं आहे. कथा दोन फर्म्यांवर, म्हणजे घडी घालून शिवायच्या पानांच्या दोन जुड्यांवर, पसरलेली: सुरुवात पान ५२ वर, शेवट पान ७७ वर. बाइंडिंगवाल्याने पुढचा फर्मा मागे आणि मागचा पुढे लावला. सगळ्या प्रतींत. प्रूफं मीच तपासली होती, पण प्रूफात फर्मे सुटे असतात हो; ते शिवताना मी काही सुईदोरा घेऊन तिथे बसलेलो नव्हतो. तर वाचकाच्या हाती काय आलं? आधी नायक मेला. मग दोन पानं कविता. मग एक पान अनारशांची कृती. मग कुणाच्या तरी प्रवासवर्णनाचं शेपूट. मग कथेचं शीर्षक. आणि मग नायकाचा जन्म.

लेखकाने डोक्याला हात लावला. आठवडाभराने पत्रं यायला लागली. एकूण तीन. तिन्ही कौतुकाची. त्यातलं एक मराठीच्या प्राध्यापकांचं होतं. त्यांनी काळाच्या मोडतोडीबद्दल धन्यवाद दिले होते आणि अनारशांचं पीठ आंबवण्याच्या प्रक्रियेचा नायकाच्या मरणाशी असलेला आंतरिक संबंध उलगडून दाखवला होता.

तीन दिवस भिंतीपलीकडून आवाज नाही. चौथ्या दिवशी माझ्या दारात उभा. ‘तीस वर्षं मी कशासाठी मेलो रे? कुठलं वाक्य आधी, कुठलं नंतर, यासाठी! आणि यांना फर्मे उलटे लावले तरी चालतात. मग मी क्रमाचा हट्ट का धरू? ज्या कलेत मनाला येईल ते, येईल तेव्हा, येईल तसं करतात, तिकडे जातो.’

‘राजकारणात?’

‘जॅझमध्ये.’

जॅझ त्याला त्या कादंबरीच्या निमित्ताने भेटला होता. सहा वर्षांत पाऊस पडला नाही, पण संदर्भ मात्र धो धो जमले. ताजमहाल हॉटेलात १९३५ साली लिऑन ॲबी नावाचा कृष्णवर्णीय अमेरिकन आपला बँड घेऊन आला, त्याच्या मागोमाग क्रिकेट स्मिथ आला, टेडी वेदरफर्ड आला; त्यांचं ऐकून, त्यांच्या शेजारी बसून गोव्याची पोरं तयार झाली. गावातल्या चर्चच्या शाळेत नोटेशन गिरवून आलेली पोरं. त्यातल्याच अल्दोन्याच्या अँटोनियो झेवियर वाझची ट्रंपेट ऐकून लोक त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणू लागले, आणि नाव पडलं चिक चॉकलेट. पुढे मुंबईत दारूबंदी आली, नाचाचे हॉल ओस पडले, तशी ही मंडळी सिनेमाच्या स्टुडिओंत शिरली. आपल्या चितळकरांच्या, म्हणजे सी. रामचंद्रांच्या, १९५१ च्या ‘अलबेला’त भगवानदादा नाचतात तेव्हा त्या पायांखाली जे वाजतं ते याच लोकांचं, चिक चॉकलेट तर त्यात पडद्यावरही दिसतो.

हे सगळं लेखक सांगायचा तेव्हा त्याचा आवाज चढायचा. ‘कुठे घडलं हे? धोबी तलावला! ठाकूरद्वारापासून पंधरा मिनिटं! गोवेकरांच्या गावागावाच्या कुडींत, म्हणजे सामायिक बिऱ्हाडांत, एका खोलीत तीस-तीस ट्रंका, आणि निम्म्या ट्रंकांवर वाद्यं! आणि आपण गिरगावकर काय करत होतो?’

काय करत होतो ते मला चांगलं आठवतं. १९७८ साली मुंबईत पहिली जॅझ यात्रा भरली, सनी रॉलिन्ससारखा सॅक्सोफोनवाला इथे येऊन वाजवून गेला. त्या आठवड्यात मी आणि लेखक दोन वेळा साहित्य संघात नाटकाला गेलो आणि एकदा बटाटेवड्यावरून भांडलो. बस.

वहिनींना त्याने निर्णय सांगितला तो जपानच्या मार्गाने. ‘हारुकी मुराकामी बघ. १९७४ पासून तोक्योत त्याचं जॅझचं कॅफे होतं, पीटर कॅट नावाचं. ते चालवता चालवता तो लेखक झाला. मी तोच रस्ता फक्त उलट्या दिशेने चालणार.’

वहिनी तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, ‘त्याचं दुकान होतं ना? चालत होतं ना?’

दुकानाचा विषय तिथे संपला. वहिनींची भिशी लागली होती ती, आणि लेखकाचं दोन वर्षांचं मानधन (म्हणजे भिशीच), एवढ्यात धोबी तलावावरून जुना अल्टो सॅक्सोफोन आला. पितळी, वाकडा, जागोजागी चमक गेलेला. पेटी उघडून गॅलरीत ठेवली तर आख्खी चाळ गोळा झाली. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, ‘वरात कुणाची?’ लेखकाने सांगितलं की बेल्जियमच्या अडोल्फ सॅक्सने १८४६ साली पॅरिसमध्ये याचं पेटंट घेतलं. काकू म्हणाल्या, ‘ते असू दे, पण लग्न कुणाचं?’

सुरुवातीला सॅक्सोफोनवर लांब सूर काढायचे असतात. एकच सूर, श्वास संपेपर्यंत. पहाटे पाचला लेखकाने पहिला सूर लावला आणि तळमजल्यावरचे गिरणीतून सुटलेले आजोबा पहिल्या पाळीचा भोंगा झाला म्हणून सदरा घालून बसले. तीस वर्षांनी गिरणी सुरू झाली, या आनंदात त्यांनी चहाही घेतला नाही.

सॅक्सोफोन पितळेचा असला तरी खरा वाजतो तो तोंडाशी बांधलेला बोटभर काडीचा तुकडा. त्याला रीड म्हणतात. ती नळाची असते, बोरूच्याच गोतावळ्यातली. लेखकाला हे कळलं तेव्हा तो रात्री साडेअकराला माझं दार ठोठावून आला. ‘अरे, आपले पूर्वज हाच नळ तासून टोक काढायचे, शाईत बुडवायचे. हे लोक तोच नळ तासून पातळ करतात, थुंकीत भिजवतात. म्हणजे मी धंदा बदललाच नाही! बोरूची फक्त बाजू बदलली!’ मी म्हटलं, बोरूबहाद्दर तू आधीही होतासच. त्याला ते कौतुक वाटलं. झोपायला गेला.

रीडला नंबर असतात. जितका मोठा नंबर, तितकी काडी कडक, तितका जोर जास्त. नवशिक्याने दीड किंवा दोनपासून सुरुवात करावी. लेखकाने तीन नंबरची पेटी आणली. दीडपासून सुरुवात करायला तो काही नवोदित नव्हता. सॅक्सोफोनच्या तोंडाला वरचे दात टेकवायचे असतात आणि खालचा ओठ खालच्या दातांवर दुमडून घ्यायचा असतो. लेखकाचे वरचे पुढचे दोन दात दंतवैद्याचे. तीन नंबरच्या रीडवर जोर लावला की ते दात सॅक्सोफोनपेक्षा वरच्या पट्टीत वाजायचे. आठवड्याभरात तो मुकाट दोनवर आला. पेटी परत घेणार नाहीत म्हणून तीन नंबरच्या रीडा अजून घरात आहेत. वहिनी त्यांनी शेवेच्या साच्याची भोकं साफ करतात.

मग गुरू सापडले.

धोबी तलावाच्या मागे कॅवेलमध्ये एका जुन्या लाकडी जिन्यावर चढून गेलं की हे गुरू. ऐंशीच्या घरातले, सासष्टीचे. लग्नं, बाप्तिस्मे, जहाजं, हॉटेलं आणि सिनेमाचे स्टुडिओ असं सगळं वाजवून बसलेले. लेखक त्यांना ‘सर’ म्हणायचा, ते लेखकाला ‘मॅन’ म्हणायचे. पहिल्या शिकवणीला मी सोबतीला गेलो होतो. लेखकाने खिशातून चार पानं काढली. लिऑन ॲबीपासून सुरुवात करून स्वतःच्या जीवनदृष्टीपर्यंत येण्याचा बेत होता. सर पाच मिनिटं ऐकत होते. मग म्हणाले, ‘मॅन, तू बोलतो किती रे! फुंकायचा वारा सगळा तू बोलण्यातच खर्च करतो. वाजव.’

लेखक म्हणाला, ‘मला स्वैर वाजवायचंय, सर. क्रम नको.’

सर हसले. दात त्यांचे स्वतःचे होते.

त्या संध्याकाळी लेखकाला जे कळलं त्याची किंमत भिशीत मोजता येणार नाही. जॅझमध्ये मनाला येईल ते वाजवतात हे खरं, पण मोजून वाजवतात. धून बत्तीस बारांची. एका बारात चार मात्रा. आठ-आठ बारांचे चार तुकडे. पहिला, दुसरा आणि चौथा सारखा, तिसरा वेगळा. आपल्या भाषेत मुखडा, मुखडा, अंतरा, मुखडा. तुम्ही हवेत गिरक्या घ्या नाहीतर रडा, पण खाली ते बत्तीस बार रहाटासारखे फिरत असतात, आणि आपण कुठल्या घरात आहोत ते प्रत्येकाला मनात ठाऊक हवं. कुणी बोट दाखवत नाही, कुणी सम दाखवत नाही. चुकलात तर चुकलात.

‘म्हणजे एकतालात बारा मात्रा मोजायच्या...’ लेखक अंधारात म्हणाला. आम्ही परत येत होतो. ‘...आणि इथे एकशे अठ्ठावीस!’

मी मनात गुणाकार करून पाहिला. बरोबर होता. क्रमाला कंटाळून घर सोडलेला माणूस जिथे फर्म्यांची शिस्त आमच्या छापखान्यापेक्षा कडक, अशा घरी जाऊन पोचला होता.

बरं, जुनी सवय जाईना. भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं: चार सूर, थांबला. तेच चार सूर, तिसरा बदलून. थांबला. तिसरा परत पहिल्यासारखा. सूर खोडत होता! तीस वर्षं कागदावर जे केलं तेच हवेत. माझ्या हाताला आपोआप लाल पेन शोधायची खोड लागली. एके रात्री तर त्याने अकरा वेळा एक सूर बदलला आणि शेवटी मूळचाच ठेवला तेव्हा मी भिंतीवर टकटक करून ओरडलो, ‘जसं आहे तसं राहू दे!’ प्रुफांवर लिहितो तसं.

सरांना त्याने हर्बी हॅनकॉकची गोष्ट ऐकवली. ट्रंपेटवाल्या माइल्स डेव्हिसच्या मैफलीत ‘सो व्हॉट’ ही धून रंगात आलेली असताना हॅनकॉकच्या हातून पियानोवर साफ चुकीचा कॉर्ड पडला. माइल्सने एक श्वास घेतला आणि असे सूर लावले की तो चुकीचा कॉर्ड बरोबर ठरला. हॅनकॉकने स्वतःच सांगितलेली गोष्ट. ‘तेव्हा सर, चूक अशी काही नसतेच.’

सर म्हणाले, ‘हो. पण तिथे माइल्स होता. इथे कोण आहे? तू चुकतो, नि मी भाडेकरू.’

इकडे चाळीत तक्रारी वाढल्या. बैठक बसली. लेखकाने उत्तरादाखल सनी रॉलिन्स काढला: १९५९ ते १९६१ अशी दोन वर्षं न्यूयॉर्कमध्ये हा माणूस शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन तासन्‌तास रियाज करत होता. आणि तोच रॉलिन्स पुढे मुंबईला आला, पवईच्या आश्रमात राहिला. मुद्दा असा, की थोरांनाही शेजारी होते. सेक्रेटरींनी मुद्दा पकडला, पण दुसऱ्या टोकाने. ‘वा! मग केनेडी ब्रिज आहे की आपल्याला. फ्रेंच ब्रिजही आहे. निवड तुमची.’ ठराव एकमताने मंजूर झाला. विरुद्ध बाजूने मत द्यायला लेखकाने हात वर केला होता, पण हातात सॅक्सोफोन असल्याने तो धरला नाही.

पुलावर गर्दी म्हणून तो चौपाटीवर जायला लागला. खारी हवा, रीड दोन दिवसांत बुरसायची. पण तिसऱ्या संध्याकाळी भेळ खात उभ्या असलेल्या एका गुजराती कुटुंबातल्या मुलाने येऊन उघड्या पेटीत दहा रुपये टाकले. लेखक धावत माझ्याकडे आला. नोट दाखवली. ‘बघ. वाजवलं आणि लगेच! व्हाउचर नाही, स्मरणपत्र नाही, “चेक पाठवला आहे, मिळाला नसल्यास कळवावे” नाही!’ ती नोट त्याने लॅमिनेट करून घेतली. लॅमिनेशनला वीस रुपये लागले.

संगीताच्या गावात आमच्या चाळीचं आपलं एक घराणं आहे, ते म्हणजे भजनी मंडळ. त्याचे बुवा तिसऱ्या मजल्यावर. एका एकादशीला लेखकाला वाटलं, साथ करावी. बुवांनी पेटीवर हात ठेवून विचारलं, ‘पट्टी?’ लेखक म्हणाला, ‘सी.’ बुवांनी पांढरी एक धरली. लेखकाने फुंकलं आणि बुवांनी कानावर हात ठेवला. लेखक म्हणाला, ‘बरोबर आहे बुवा. अल्टोवरचा सी म्हणजे पियानोवरचा ई फ्लॅट. हे वाद्य लिहिलेल्यापेक्षा वेगळं वाजतं.’ बुवा शांतपणे म्हणाले, ‘काळी दोन म्हणा ना मग! एक लिहायचं आणि वाजायचं भलतंच, हे तुमचं तिकडे साहित्यात.’

पुढचा घोटाळा टाळीचा. आपण टाळी देतो ती पहिल्या मात्रेवर आणि तिसऱ्या मात्रेवर, जिथे पाय पडतो तिथे. जॅझवाले देतात ती दुसऱ्या आणि चौथ्यावर, पाय उचलतो तिथे. सरांनी ही टाळी लेखकाच्या हातात महिनाभर घोटवली होती. बसमध्ये, जिन्यावर, जेवताना तो ती देत असायचा. त्या वर्षी गणपतीत आरतीला तो नेमका बुवांच्या शेजारी उभा. चाळीची टाळी एक-तीनवर, लेखकाची दोन-चारवर. पहिली आरती कशीबशी निभावली. दुसरीत पोरांना लेखकाची टाळी आवडली. निम्मी चाळ इकडे, निम्मी तिकडे. झांजवाल्याने घाबरून चारही मात्रा वाजवल्या. केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून गणपती बसतोय, आमचा त्याच्या बराच नंतरचा, पण असा प्रसंग त्या बाप्पाने तर नाहीच, आमच्याही बाप्पाने कधी पाहिला नव्हता. वहिनी प्रसाद वाटताना म्हणाल्या, ‘लग्नातही यांचं असंच झालं होतं. सगळ्यांनी अक्षता टाकल्या, मग हे पुढे सरले.’

याच गणपतीत, सातव्या दिवशी, करमणुकीच्या कार्यक्रमात लेखकाला दहा मिनिटं मिळाली. खरं तर जादूगार आजारी पडला म्हणून.

धून ठरली ‘सो व्हॉट’. सेक्रेटरींनी कार्यक्रमपत्रिकेसाठी विचारलं, ‘गाण्याचं नाव?’ लेखक म्हणाला, ‘सो व्हॉट.’ सेक्रेटरी म्हणाले, ‘नाही, नुसतं आपलं फळ्यावर लिहायला.’ शेवटी फळ्यावर ‘लेखक : वाद्यवादन’ एवढंच आलं.

ही धून सरांनीच निवडली होती, आणि निवडण्यात त्यांचा कावा होता. माइल्स डेव्हिसच्या १९५९ च्या ‘काइंड ऑफ ब्लू’मधली ही पहिली चीज. तिच्यात मुख्य धून वाजवतो तो कोपऱ्यातला बेसवाला. तो एक वाक्य बोलतो, आणि पुढे उभे असलेले ट्रंपेट-सॅक्सोफोनवाले फक्त दोन सुरांत उत्तर देतात. एवढंच. तो विचारतो, हे म्हणतात ‘हूं-हूं’. कीर्तनात, गोष्टीत आपण हुंकार देतो तसा. सर टेनर सॅक्सोफोनवर बेसचं वाक्य वाजवणार आणि लेखकाने हुंकार द्यायचा, असं ठरलं. ज्याने उभ्या आयुष्यात दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही त्याला दोन सुरांचा हुंकार! तीन आठवडे तालीम चालली. लेखक हुंकार द्यायचा आणि त्याला एक उपवाक्य जोडायचा. ‘दोनच!’ सर ओरडायचे. ‘मॅन, दोनच!’

हे त्याने घरी फार कळवळून सांगितलं. ‘नुसता हुंकार देत राहणं किती अवघड असतं, तुला कल्पना नाही.’

वहिनींनी पोळी उलटली. ‘तीस वर्षं तेच करतेय मी,’ त्या म्हणाल्या.

कार्यक्रमाच्या दिवशी साडेनऊला लेखक उभा राहिला. दहाला लाउडस्पीकर बंद करायचा असतो. सर पांढरा सूट घालून आले होते, छातीच्या खिशात रुमाल. हा माणूस आपल्या चाळीच्या पटांगणात इतका जुना आणि इतका बरोबर दिसेल असं मला वाटलं नव्हतं. लेखकाने माइक हातात घेतला. ‘प्रस्तावना म्हणून दोन शब्द,’ तो म्हणाला, आणि १९३५ पासून निघाला. ताजमहाल हॉटेल झालं. चिक चॉकलेट झाला. दारूबंदीपाशी नऊ अठ्ठेचाळीस वाजले. सरांनी रीड तोंडात धरून ओली केली, वाळली, पुन्हा ओली केली. ‘अलबेला’पर्यंत येता येता नऊ बावन्न झाले तेव्हा सरांनी वाट न पाहता टेनर तोंडाला लावला आणि बेसचं पहिलं वाक्य थेट लेखकाच्या वाक्यात घुसवलं.

आणि लेखकाने हुंकार दिला. दोनच सूर. मला भिंतीशिवाय ऐकायची सवय नाही, पण चांगले लागले. पटांगणात गप्पा चालल्या होत्या त्या कमी झाल्या. मुखडा, मुखडा, मग अंतरा. या धुनीचा अंतरा म्हणजे तेच सगळं अर्धा स्वर चढवून: पांढरी दोनवरून काळी दोनवर. मग परत खाली. झाली मुख्य धून. मग लेखकाची एकट्याची पाळी आली, बत्तीस बार.

पहिले आठ ठीक. आणि नवव्या बारावर लेखक चढला. दुसरा मुखडा जायचाच होता. हा पठ्ठ्या आठ बार आधीच अंतऱ्यात शिरला. मी खुर्चीत ताठ झालो. मला नोटेशन कळत नाही, पण फर्मा उलटा लागलेला मला कळतो! मागचा पुढे, पुढचा मागे. लेखकालाही कळलं, त्याच्या भुवया तशा वर गेल्या जशा पान ६५ उघडून पाहताना गेल्या होत्या. आता हा थांबणार, खोडणार, पहिल्यापासून घेणार. मी वाट पाहिली.

थांबला नाही. सरांकडे पाहिलं फक्त. सर डोळे मिटून होते. त्यांच्या टेनरचं वाक्य एका ठोक्यापुरतं लोंबकळलं आणि मग अर्धा स्वर चढून लेखकाच्या मागोमाग काळी दोनवर आलं, जणू हे दोघांचं कालच ठरलेलं होतं. तिथून दोघं बरोबर खाली उतरले. राहिलेला मुखडा शेवटी वाजवून हिशेब पुरा केला. बत्तीसच झाले; मी बोटांवर मोजले.

बरोबर दहाला माइक बंद झाला. टाळ्या पडल्या, बऱ्याच. बुवा उठून आले, म्हणाले, ‘मधे चढलात ते झकास. मुद्दामच ना?’ पहिल्या मजल्यावरच्या काकूंच्या जावयाने ‘प्रयोगशील’ हा शब्द वापरला. मी लेखकाकडे पाहिलं. मागच्या वेळी अशाच कौतुकाने तीन दिवस मुका झालेला हा माणूस लाजून उभा होता, शाल-श्रीफळ घेताना उभा राहतो तसा.

सर पेटीत वाद्य ठेवत होते. लेखक त्यांच्याजवळ गेला. ‘सर, चुकलो.’

‘हो,’ सर म्हणाले. ‘मोठा चुकला. टॅक्सी बघ आता.’

रात्री मला झोप येईना. बारा वाजून गेले होते. भिंतीपलीकडे लेखक वहिनींना आख्खी हकीकत सांगत होता, वहिनी पटांगणात पहिल्या रांगेत बसलेल्या असूनही. सुरुवात १९३५ पासूनच केली होती. एक वाक्य म्हणायचा, खोडायचा, ‘नाही, असं नव्हे,’ म्हणून फिरून घ्यायचा. वहिनी अर्धवट झोपेत असाव्यात. प्रत्येक वाक्याला त्यांचा ‘हूं’ येत होता. मी अंथरुणावर पडल्या पडल्या बोटांनी ठेका धरला. एक, दोन, तीन, चार. पुन्हा एकदा मोजून पाहिलं.

वहिनींचा ‘हूं’ बरोबर दोनवर आणि चारवर पडत होता.